राखीव सैनिकाच्या डिस्चार्ज बुकातील तारीख दुरुस्त कशी करून घ्यावी?

मानेवाड्याचा मधला

नमस्कार. माझ्या वडिलांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. ते १८ ऑक्टोबर १९६३ रोजी पायदळात शिपाई म्हणून भरती झाले. चीनच्या युद्धानंतर सैन्य वाढवले जात होते, तेव्हाची ही भरती. करार सात वर्षे कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष सैन्यात, आणि आठ वर्षे रिझर्व्ह, म्हणजे घरी राहून बोलावणे आले की हजर व्हायचे, असा होता. ऑक्टोबर १९७० मध्ये ते रिझर्व्हमध्ये गेले, नागपूरला परत येऊन एम्प्रेस मिलमध्ये लागले, १९७१ च्या लढाईच्या वेळी त्यांना परत बोलावून घेण्यात आले आणि पुढल्या वर्षी ते पुन्हा मिलच्या कामावर रुजू झाले. रिझर्व्हमधून आपली अखेरची मुक्तता १७ ऑक्टोबर १९७८ रोजी झाली, असे ते आजही न अडखळता सांगतात.

अडचण अशी की सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकात ही तारीख १७ ऑक्टोबर १९७७ अशी आहे. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, त्याच पानावर रिझर्व्ह सेवेच्या रकान्यात ‘आठ वर्षे’ असे अक्षरी लिहिलेले आहे. ऑक्टोबर १९७० पासून आठ वर्षे मोजली तर १९७८ येते, १९७७ येत नाही. म्हणजे ते पान स्वतःशीच भांडते आहे. कलर आणि रिझर्व्ह मिळून पंधरा वर्षे भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यानंतर केलेल्या अर्जाला ‘एकूण सेवा १४ वर्षे, सबब पात्र नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले. बाबांनी ते उत्तर घडी घालून बुकातच ठेवून दिले आणि विषय बंद केला. मला तो बंद करायचा नाही.

आणखी दोन लहान गोष्टी आहेत. बुकात बाबांचे केवळ नाव आणि आडनाव आहे, आधार कार्डावर मात्र आपल्या रीतीप्रमाणे मध्ये आजोबांचे नाव आहे. जन्मतारखेतही फरक आहे. आधारवर सरसकट १ जानेवारी टाकलेली आहे. या सगळ्या दुरुस्त्या एकाच अर्जात मागाव्यात की वेगवेगळ्या? आणि अर्ज नेमका कोणाकडे करायचा? कामठीला गार्ड्सचे केंद्र आहे, सिताबर्डीच्या किल्ल्यावर सैन्य आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहे. तिन्ही ठिकाणांचे नाव मला कोणी ना कोणी सुचवले आहे.

उमरेड रोड

आपण सैनिकांच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ या संकेतस्थळावर जाऊन तक्रार का नोंदवत नाही? आमच्या काकांच्या पेन्शनमध्ये काकूंचे नाव चुकले होते, ते तिथूनच सुधारून आले आणि नवा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेशही मिळाला. दुसरे असे की आपल्याकडे तूट बरोबर एका वर्षाची आहे. पेन्शन विनियमांच्या नियम १२५ खाली पात्रता सेवेतील काही महिन्यांची तूट माफ होते आणि २००१ च्या आदेशापासून ती मर्यादा बारा महिन्यांपर्यंत वाढलेली आहे. तारखेचा वाद उकरण्यापेक्षा तूट माफ करण्याचा अर्ज केला तर काम लवकर होईल, असे मला वाटते.

निवृत्त हवालदार क्लार्क

उमरेड रोड यांचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही सल्ले या प्रकरणाला लागू पडत नाहीत. स्पर्श ही पेन्शन वाटपाची व्यवस्था आहे. ज्याच्या नावाने पीपीओ निघालेला आहे त्याचेच खाते तिथे असते. या गृहस्थांना पेन्शनच मंजूर झालेली नाही, त्यामुळे तिथे दुरुस्त करायला काहीच नाही. तूट माफीबद्दल खाली लिहितो.

आधी कोणाकडे जायचे ते सांगतो. माझी नोकरी अशाच कागदांत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सैनिकाची नोंद तो राहतो त्या गावी नसते, ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, म्हणून तिथे गार्ड्सच्या जवानांचे काम होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाने बेळगावला लिहायचे, महार रेजिमेंटच्या जवानाने सागरला. किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची पलटण आहे, तिचा आपल्या वडिलांच्या कागदांशी संबंध नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नोंद बदलू शकत नाही, मात्र आपला अर्ज तपासून स्वतःच्या पत्रासोबत पुढे पाठवू शकते, आणि तसे अवश्य करून घ्यावे, कारण त्या पत्राला जावक क्रमांक असतो आणि विचारपूस करताना तोच हाताशी लागतो.

आता कागदांविषयी. सैनिकाची पूर्ण माहिती शीट रोलमध्ये असते. भरती, बदल्या, सुट्ट्या, शिक्षा, पदके, वारस, सगळे त्यात. सेवेतील प्रत्येक बदल पार्ट टू ऑर्डर म्हणून प्रसिद्ध होतो आणि तिथून शीट रोलमध्ये उतरतो. डिस्चार्ज बुक ही जवानाला घरी नेण्यासाठी दिलेली वही आहे. एक टंकलेखक किंवा कारकून वरच्या कागदांवरून ती हाताने भरतो, आणि चूक बहुधा या शेवटच्या उताऱ्यात होते. दिवसाला वीस-वीस बुके भरणाऱ्याच्या हातून आठाचा सात होणे मी पाहिलेले आहे.

पण एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. ज्यांना पेन्शन नाही अशा जवानांचे कागद कायमचे ठेवले जात नाहीत, पंचवीस वर्षांनंतर नष्ट केले जातात. आपल्या वडिलांचा शीट रोल साधारण २००३ नंतर उरलेला नसेल असे धरून चाला. मात्र लाँग रोल राहतो. ती एक मोठी नोंदवही असते, प्रत्येक जवानाची एक ओळ, त्यात भरतीची तारीख, रिझर्व्हमध्ये गेल्याची तारीख, मुक्ततेची तारीख आणि कारण. म्हणून पहिली मागणी दुरुस्तीची करू नका. लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत मागा. ती पाहिल्याशिवाय दुरुस्ती मागणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही हे न पाहता मोटर बसवण्यासारखे आहे.

तूट माफीचा मुद्दा आता घेतो. तूट माफ करा असे लिहिणे म्हणजे आपली सेवा चौदा वर्षांचीच होती हे स्वतःच्या सहीने मान्य करणे. जिथे खरोखर कमी सेवा झालेली आहे तिथे तो मार्ग योग्य आहे. इथे सेवा पूर्ण झालेली आहे आणि नोंद चुकलेली आहे, असा आपला दावा आहे. दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहिल्या तर वाचणारा सोपी तेवढीच उचलेल.

भाऊ, मला एक गोष्ट सांगा. मुक्ततेचे कारण या रकान्यात काय लिहिले आहे? ‘सेवामुदत पूर्ण’ असे असेल तर आपली बाजू फार बळकट आहे, ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे असेल तर प्रकरण वेगळे होईल. आणि मुक्ततेच्या वेळी वडिलांनी पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी घेतली होती का, हेही त्यांना विचारून घ्या.

मानेवाड्याचा मधला

हवालदार साहेब, मनापासून आभार. कारणाच्या रकान्यात ‘सेवामुदत पूर्ण झाल्यामुळे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द स्पष्ट आहेत. पेन्शनच्या बदल्यात म्हणून काही रक्कम घेतल्याचे बाबांना आठवत नाही. बुकात १९७० साली, रिझर्व्हमध्ये जाताना मिळालेल्या रकमेचीच नोंद आहे.

एक गोष्ट पहिल्या संदेशात लिहिण्याचे मी टाळले होते, ती आता लिहितो, कारण ती लपवून सल्ला मागणे बरोबर नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्याच घरातील एका ज्येष्ठ नातेवाइकांनी, ‘एका आकड्यासाठी कशाला अडून बसता’ असे म्हणत, १९७७ मधील शेवटच्या सातावर निळ्या बॉलपेनने गिरवून आठ केला. मूळ शाई काळी आहे आणि आता तपकिरी पडली आहे, त्यामुळे तो आठ दुरूनही ओळखू येतो. बाबा त्या वेळी घरी नव्हते. त्यांना कळले तेव्हा ते पुष्कळ दिवस त्या नातेवाइकांशी बोलले नाहीत. पेन्शनच्या अर्जासोबत आम्ही जोडलेली छायाप्रत त्या गिरवण्याच्या आधीची होती, म्हणून त्या कार्यालयाने १९७७ वाचले. मूळ बुक आज कोणी पाहिले तर त्याला आम्ही खाडाखोड केली असेच वाटेल. हा आकडा पुसून टाकता येईल का, की जुन्या छायाप्रतीवरच काम चालवावे?

सिव्हिल लाइन्सची वकील

पुसू नका. त्या पानाला आता कोणीही हात लावू नका. खरवडलेला कागद बॉलपेनच्या आठापेक्षा वाईट दिसतो आणि त्याचे उत्तर देणे अधिक अवघड असते. छायाप्रतीवरही काम चालवू नका, कारण कधी ना कधी मूळ बुक दाखवावे लागेल आणि तेव्हा आपण ही गोष्ट लपवली असा अर्थ निघेल. आजच्या स्थितीत त्या पानाचे स्वच्छ रंगीत छायाचित्र काढा, जुनी छायाप्रत त्याच्यासोबत ठेवा आणि वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात एक स्वतंत्र परिच्छेद लिहा, की मूळ नोंद १९७७ अशी होती, अमुक सुमारास घरातील व्यक्तीने अर्जदाराच्या संमतीशिवाय त्यावर गिरवले, अर्जदार त्या गिरवलेल्या आकड्याचा आधार घेत नाही, आणि त्याची मागणी केवळ रेकॉर्ड ऑफिसातील मूळ नोंदीवर अवलंबून आहे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. जो माणूस आपल्याला अनुकूल असलेला आकडा स्वतःहून बाजूला ठेवतो, त्याच्या बाकीच्या म्हणण्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम २३ प्रमाणे सेवा संपलेल्या जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने एक प्रमाणपत्र द्यायचे असते आणि ते इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही असावे लागते. त्यात सेवा कोणाच्या अधिकाराने संपली, कोणत्या कारणाने संपली आणि नियमित सैन्यातील सेवेचा पूर्ण कालावधी किती, या तीन बाबी असतात. पुष्कळांच्या बुकातच हे पान शिवलेले असते, पण कोणी वाचत नाही, कारण सगळे आकड्यांच्या पानाकडे धावतात. आपल्या वडिलांच्या कागदांत देवनागरीत लिहिलेले असे एखादे पान आहे का ते शोधा.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या वजनाची. आज केलेले प्रतिज्ञापत्र आवश्यक आहे, पण त्याने तारीख सिद्ध होत नाही. त्या काळात, या वादाची कल्पनाही नसताना, दुसऱ्या कोणी तयार केलेला कागद शंभर प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो. ऑक्टोबर १९७७ ते ऑक्टोबर १९७८ या बारा महिन्यांत वडील रिझर्व्हवर होते असे दाखवणारा एक जरी कागद मिळाला, तरी उरलेले काम फक्त पाठपुराव्याचे राहते. प्रशिक्षणाला बोलावल्याचे पत्र, रेल्वे वॉरंटचा तुकडा, मिलमधील सुट्टीची नोंद, काहीही चालेल. ट्रंक पुन्हा उपसा.

खलाशीबुवा

विषयाच्या कडेने लिहितो, पण नौदलातील कोणी हा धागा वाचत असेल तर उपयोग होईल. आमच्याकडे त्या पिढीचा करार दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि दहा वर्षे फ्लीट रिझर्व्ह असा असे. ३ जुलै १९७६ च्या धोरणाने फ्लीट रिझर्व्हमध्ये पाठवणे बंद झाले, आणि दहा वर्षे करून घरी आलेल्यांना ‘रिझर्व्ह झालेच नाही, मग पेन्शन कशाची’ असे ऐकावे लागले. हा वाद टी. एस. दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये निकाल आला. रिझर्व्हिस्ट पेन्शनचा दावा मान्य झाला नाही, विशेष पेन्शनचा मार्ग मात्र उघडला. म्हणून नौदलातील माणसाने पायदळाच्या अर्जाची नक्कल करू नये. आमच्या नोंदी मुंबईला मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात.

किल्ल्याखालचा

मी प्रादेशिक सेनेत होतो, त्यामुळे मलाही लोक रिझर्व्हवाला म्हणतात, पण आमचा हिशेब वेगळा आहे. आमच्याकडे एम्बॉडिमेंटचे दिवस मोजले जातात, म्हणजे प्रत्यक्ष पाचारण करून सेवेत ठेवलेले दिवस. वर्षाकाठच्या प्रशिक्षणाचा काळ आणि एम्बॉडिमेंटचा काळ यांची बुकात सरमिसळ झाली तर पेन्शनच्या वेळी दिवस कमी पडतात. माझे चाळीस दिवस असेच गळाले होते आणि पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक दाखवल्यावर ते जोडले गेले. क्रमांक माझ्या स्वतःच्या डायरीत होते. डायरी ठेवणाऱ्याला पलटणीत सगळे हसत असत.

मानेवाड्याचा मधला

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी ट्रंक पुन्हा उपसली. कलम २३ चे पान बुकाच्या शेवटी सापडले. हिंदीत आहे, मराठीत नाही. खालच्या अर्ध्या भागाला वाळवी लागली आहे, सेवेच्या कालावधीचा आकडा त्यातच गेला. ‘सेवामुदत पूर्ण’ एवढे शब्द शिल्लक आहेत.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. मिलच्या जागेवर आता काय उभे आहे ते नागपूरकरांना सांगायला नको. तिथल्या सुट्टीच्या नोंदी कुठे शोधाव्यात हे मला समजले नाही, म्हणून तो मार्ग सोडला.

पण दोन कागद मिळाले. पहिला, १९७१ च्या मोहिमेबद्दल संग्राम पदक दिल्याचा. ते पदक घरात आहे, बुकातील पदकांच्या रकान्यात मात्र त्याची नोंदच नाही. दुसरा कागद आईने आपल्या जुन्या पोथीत घडी घालून ठेवलेला होता. ते फेब्रुवारी १९७८ चे, बाबांच्या सेवा क्रमांकासह आलेले छापील पत्र आहे. त्यांनी रिझर्व्हिस्ट म्हणून प्रशिक्षणासाठी अमुक तारखेला हजर व्हावे, असे त्यात आहे. टपालाचा शिक्काही वाचता येतो. बाबा म्हणाले की त्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता आणि ते गेलेच नाहीत, म्हणून आईने पत्र जपून ठेवले, कोणी विचारले तर दाखवायला.

संग्राम पदकाची नोंदही याच अर्जात मागावी असे मला वाटते, म्हणजे एकाच बुकात किती चुका आहेत हे दिसेल.

निवृत्त हवालदार क्लार्क

आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. फेब्रुवारी १९७८ मध्ये ज्याला रिझर्व्हिस्ट म्हणून बोलावले जाते, तो ऑक्टोबर १९७७ मध्ये मुक्त झालेला असू शकत नाही. आपले प्रकरण या एका कागदावर उभे राहील.

पदकाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ते पदक डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातील सेवेबद्दल आहे, आणि १९७८ बद्दल ते काहीच सांगत नाही. बुकात अनेक चुका आहेत असे दाखवण्याचा मोह मला समजतो, पण कार्यालयात त्याचा परिणाम उलटा होतो. अर्ज पदकांच्या टेबलाकडे जातो, तिथून परत येतो आणि तारखेचा मुद्दा मधल्यामध्ये राहतो. पदकाची नोंद नंतर स्वतंत्र अर्जाने मागा. नाव आणि आधार यांचेही तसेच.

माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने करा. मुलाने केला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तो नाकारला जाऊ शकतो. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने देता येते, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यात चार गोष्टी मागा. लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत, मुक्ततेच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख, शीट रोल उपलब्ध असल्यास त्याची प्रत, आणि तो नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असा प्रश्न माहितीच्या अर्जात लिहू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत.

उत्तर हाती आले की दुरुस्तीचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘माझ्या डिस्चार्ज बुकातील रिझर्व्हमधून मुक्ततेची तारीख १७ ऑक्टोबर १९७७ अशी लिहिली गेली आहे. त्याच पानावर रिझर्व्ह सेवा आठ वर्षे अशी नोंद आहे आणि ती १८ ऑक्टोबर १९७० पासून मोजली असता १७ ऑक्टोबर १९७८ रोजी पूर्ण होते. आपल्या कार्यालयाच्या लाँग रोलमधील नोंद, तसेच फेब्रुवारी १९७८ चे प्रशिक्षणाचे पत्र सोबत जोडले आहे. बुकातील तारीख मूळ नोंदीप्रमाणे दुरुस्त करून ती साक्षांकित करावी, ही विनंती.’ यात पेन्शनचा शब्दही नाही, हे लक्षात घ्या. आधी नोंद. नोंद सुधारली की पेन्शनचा अर्ज त्या दुरुस्तीच्या आधाराने वेगळा जाईल.

उमरेड रोड

तूट माफीबद्दलचा माझा सल्ला मी मागे घेतो. पण समजा लाँग रोलमध्येही १९७७ च निघाले तर?

सिव्हिल लाइन्सची वकील

तर फेब्रुवारी १९७८ चे पत्र आणि ‘आठ वर्षे’ ही अक्षरी नोंद जोडून निवेदन द्यायचे. लेखी नकार आला, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. २००७ च्या अधिनियमाने हे न्यायाधिकरण झाले आहे आणि महाराष्ट्रातील प्रकरणे तिथे चालतात. कार्यालयातील मार्ग संपवल्याशिवाय तिथे सामान्यतः दाद घेतली जात नाही, म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपा. न्यायाधिकरणापुढे मात्र ‘तारीख दुरुस्त करावी, ते शक्य नसल्यास तूट माफ करावी’ अशी पर्यायी मागणी करता येते. कार्यालयीन अर्जात जे अंगाशी येते ते तिथे चालते.

उशिराबद्दल घाबरू नका, पण खोटी आशाही ठेवू नका. पेन्शन दर महिन्याला देय होत असल्याने उशिरा आलेला दावा केवळ त्याच कारणाने फेटाळला जात नाही. तथापि तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानंतर थकबाकी सामान्यतः दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. १९७८ पासूनची रक्कम मिळेल असे कोणी सांगून टक्केवारीत शुल्क मागत असेल, तर त्याच्या पायरीवरूनच परत या.

जन्मतारखेविषयी एकच वाक्य: सैन्यातील तारीख बदलण्याच्या मागे लागू नका, आधार तिच्याप्रमाणे करून घ्या. मधल्या नावासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. राजपत्रातील प्रसिद्धी लेखी मागितली गेली तरच तो खर्च करा, आणि राज्याचे राजपत्र हवे की केंद्राचे, हे त्या पत्रातच विचारून घ्या.

मानेवाड्याचा मधला

अडीच महिन्यांनी परत लिहितो आहे. माहिती अधिकाराच्या पहिल्या अर्जाला तिसाव्या दिवशी उत्तर आले, की कागद नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत. लाँग रोलबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. हवालदार साहेबांच्या सांगण्यामुळेच मला ते गाळलेले दिसले, नाहीतर मी तिथेच थांबलो असतो. मुदतीत पहिले अपील केले आणि त्यात फक्त लाँग रोलविषयी एक प्रश्न ठेवला. गेल्या आठवड्यात साक्षांकित प्रत आली. एका ओळीची नोंद आहे. भरती १८ ऑक्टोबर १९६३, रिझर्व्ह १८ ऑक्टोबर १९७०, मुक्तता १७ ऑक्टोबर १९७८.

मी ती बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचली आणि म्हणाले, ‘मी काय वेगळे सांगत होतो?’

दुरुस्तीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह, गिरवलेल्या आठाविषयीच्या परिच्छेदासह, सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. काल रेकॉर्ड ऑफिसाचे पत्र आले. नोंद तपासली आहे, दुरुस्ती करून देण्यासाठी मूळ डिस्चार्ज बुक पाठवावे, असे त्यात आहे. मूळ बुक टपालाने पाठवावे का? आमच्याकडे ते एकच आहे.

निवृत्त हवालदार क्लार्क

टपालाने पाठवू नका. हरवले तर त्याची दुसरी प्रत मिळवण्यात आणखी एक वर्ष जाईल. पत्राचा क्रमांक आणि तारीख टाकून उत्तर द्या, की अर्जदार मूळ बुक घेऊन स्वतः हजर राहील, दिवस कळवावा. जाताना बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवा. तिथे दुरुस्ती होताना चुकीच्या तारखेवर एक आडवी रेघ, वर बरोबर तारीख, अधिकाऱ्याची आद्याक्षरे, कार्यालयाचा गोल शिक्का आणि दुरुस्तीचा आधार असलेल्या पत्राचा क्रमांक, एवढे सगळे आहे ना, हे टेबलासमोर उभे असतानाच पाहून घ्या. शिक्का राहिला म्हणून परत जावे लागलेली माणसे मी पाहिली आहेत. ओळखपत्र म्हणून आधार चालेल, पण नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र सोबत असू द्या, दारावरच अडतील.

निळ्या आठाबद्दल ते विचारतील. तेव्हा वडिलांना बोलू द्या, आपण बोलू नका.

मानेवाड्याचा मधला

दिवस मिळाला, पुढल्या बुधवारचा. परवा नागपूर स्थानकावरून निघतो आहोत. बुक माझ्या बॅगेत ठेवावे असे मी सुचवले होते, पण बाबांनी आईकडून जुन्या उशीच्या खोळीची एक पिशवी शिवून घेतली आहे आणि ती ते सदऱ्याच्या आत, गळ्यात अडकवून नेणार आहेत. प्रशिक्षणाचे ते पत्रही त्याच पिशवीत आहे. दुरुस्ती झाली की पानाचे छायाचित्र, सेवा क्रमांक झाकून, इथे लावतो.